बाहेरगावची ड्यूटी आणि आयत्या वेळचा सिक



आषाढी वारी, कुंभमेळा, दिवाळी-छठच्या जादा गाड्या किंवा एखाद्या जंक्शनवरचा मोठा ब्लॉक आला की नोटीस बोर्डावर नावांची यादी लागते. टपाल खात्यात उपडाकघरातला माणूस रजेवर गेला की डेप्युटेशनचा मेमो निघतो. त्याच संध्याकाळी युनियनच्या कार्यालयात फोन वाजू लागतात. “सेक्रेटरीसाहेब, माझे नाव तेवढे काढा.” कारण विचारावे तर “ते भेटल्यावर सांगतो.” साहेबांना सांगितले का? नाही. आणि निघायच्या दिवशी सकाळी हा गडी सिकमध्ये!

दुसऱ्याला सांगण्याआधी आमचेच सांगतो. १९९८ सालची गोष्ट. दहा दिवसांसाठी आमचे नाव दुसऱ्या विभागात लागले. घरी आई अंथरुणाला खिळलेली, पत्नी बाळंतपणाला माहेरी. साहेबांपुढे उभे राहून एवढे दोन शब्द बोलायची छाती झाली नाही. पोटदुखीचे निमित्त करून सिक घेतला. आमच्या जागी दोन तासांच्या निरोपावर ज्याला गाडीत बसवले, त्याच्या मुलीचा साखरपुडा त्याच आठवड्यात होता. परत आल्यावर तो एका शब्दाने बोलला नाही, पण पुढे कित्येक महिने डबा वेगळा बसून खात असे. साहेब नंतर म्हणाले, आधी बोलला असतास तर दुसऱ्या खेपेला पाठवले असते. खरे की खोटे देव जाणे. आम्ही त्यांना तशी संधीच दिली नव्हती.

कायदा आपल्या बाजूने किती आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे. १९८९ साली गुजरात विद्युत मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बदली हा नोकरीचाच भाग आहे. अडचण असेल तर कर्मचाऱ्याने वरिष्ठांकडे अर्ज करावा, पण अर्ज पडून आहे एवढ्यावरून हुकूम टाळता येत नाही. तो निकाल बदलीचा होता, तरी बाहेरगावच्या ड्यूटीलाही प्रशासन तोच न्याय लावते. म्हणजे अर्ज हेच आपले हत्यार, आणि त्याची धार वेळेवर अवलंबून. यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दिलेला अर्ज आणि गाडी सुटायच्या तासभर आधी दिलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आधी तोंडी बोला. सकाळच्या हजेरीला चारचौघांत नको. साहेबांनाही मग सर्वांपुढे मागे हटता येत नाही. त्यानंतर लेखी द्या आणि पोच घ्या. “कौटुंबिक अडचण” हे दोन शब्द पाहून कोणाला पाझर फुटत नाही. वडिलांचे ऑपरेशन कोणत्या तारखेला, घरी दुसरे कोण आहे, हे लिहा. आणि मुख्य म्हणजे मी केव्हा जाऊ शकतो तेही लिहा. “पंधरा तारखेनंतर पाठवा, जाईन” असे म्हणणाऱ्याला कामचुकार म्हणता येत नाही. सिकंदराबाद किंवा इटारसीकडचे आपले बांधव इंग्रजी येत नाही म्हणून अर्जच टाळतात. १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे हिंदीत अर्ज देता येतो. मोडकी हिंदीही चालते.

घरी दिव्यांग मूल असेल तर कार्मिक विभागाच्या २०१४ च्या परिपत्रकाचा उल्लेख जरूर करा. २०१८ साली त्यात इतर अवलंबितही आले. ते नेहमीच्या फेरबदलीपुरते आहे, दहा दिवसांच्या ड्यूटीला थेट लागू नाही, पण अर्जाला आधार मिळतो. भगिनींची अडचण तर वेगळीच. मुक्काम कुठे, दाराला कडी आहे का, संडास आहे का, हे पुरुष सुपरवायझरला विचारायचे कसे? ते त्यांना विचारावे लागते, हीच मुळात प्रशासनाची लाज आहे. मेमोतच मुक्कामाचे ठिकाण लिहिले तर निम्मी कुरबुर तिथेच थांबेल.

पैशाचेही बोलू. रेल्वेत मुख्यालयापासून आठ किलोमीटरपलीकडे सहा तासांपर्यंत ३० टक्के, बारा तासांपर्यंत ७० टक्के आणि त्यापुढे पूर्ण भत्ता, असा हिशेब आहे. पण आधी खिशातून घालायचे आणि बिल मंजूर होईपर्यंत वाट पाहायची, मग ज्याच्या खिशात नाही तो पोटदुखीच काढणार! असे असेल तर आगाऊ रक्कम मागा. त्यात कमीपणा कसला?

इतके करूनही नकार आला तर जावे, आणि अर्जाची प्रत आमच्याकडे पाठवावी; ती घेऊन बैठकीत भांडता येते. तेच ते चार जण दर वेळी पाठवले जातात आणि साहेबांच्या मर्जीतले कधीच नाहीत, ही तक्रार अनेक डेपोंतून येते आणि ती खोटी नाही. शाखा सचिवांनी गेल्या वर्षभरात कोण किती दिवस बाहेर होता याची वही ठेवावी. त्या वहीत स्वतःचेही नाव लिहावे.