सोवळ्यातली मोटार

विजेच्या मोटारीला धूर नसतो, अशी जाहिरात आहे. जाहिरात खोटी नाही. मागं नळकांडंच नाही तर धूर येणार कुठून? पण दोस्तहो, आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. वाडा चकचकीत दिसला की आपली माणसं पहिला सवाल करतात : घाण कुणी उचलली आणि कुठं नेऊन टाकली? तोच सवाल या मोटारीला टाका.

हिरवी नंबरप्लेट मिरवत ती कोथरूडमधून, पार्ल्यातून फिरते. मालकाला वाटतं, आपण पृथ्वीवर उपकार केले. रात्री घरी आला की तिला वायर लावतो आणि निवांत झोपतो. वायरचं दुसरं टोक बघायला तो कधी जात नाही. ते चंद्रपूरला आहे, कोराडीला आहे, खापरखेड्याला आहे. देशातली सुमारे ७० टक्के वीज अजून कोळशावर होते, आणि आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के. शंभर गोणी जाळा, तीस-चाळीस गोणी राख पदरात. साऱ्या देशाची मिळून वर्षाला ३० कोटी टनांच्या वर. काही सिमेंटात जाते, काही विटांत आणि रस्त्यांत, उरलेली पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. २०२२च्या जुलैत कोराडीच्या खसाळा राख-बंधाऱ्याला भगदाड पडलं. राखेचा लोंढा शेतांतून, नाल्यांतून कन्हान नदीपर्यंत गेला. सोवळं असंच पाळतात. विटाळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला की आपण शुद्ध.

मालक म्हणेल, हिशोब बघा. बघू ना. गाडी बनवण्यापासून भंगारात जाईपर्यंतचा सगळा कार्बन मोजला तर कोळशाच्या विजेवरसुद्धा ही मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा कमी कार्बन सोडते. मान्य. पोथी झाकून वाद घालायची आपली रीत नाही. पण कार्बन मोजला म्हणजे सगळं मोजलं का? कार्बन साऱ्या जगाच्या डोक्यावर बसतो, म्हणून त्याचं मोजमाप आहे. राख आजूबाजूच्या वस्तीच्या ताटात पडते. ती मोजायला कोण येतो?

गंधकाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २०१५ साली सरकारनं कोळशाच्या वीजकेंद्रांना मर्यादा घालून दिली : धुराड्यातून गंधकाचा वायू अमुक इतकाच सुटला पाहिजे. त्यासाठी धूर धुणारी यंत्रं बसवावी लागणार होती. मुदत सरली, वाढवली, पुन्हा वाढवली. आणि २०२५च्या जुलैत सरकारनं बहुतेक केंद्रांना मोकळंच सोडलं. सक्ती राहिली कुणाला? जे केंद्र दिल्लीच्या राजधानी परिसरापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत आहे, त्याला. जिथं आधीच अतिप्रदूषित म्हणून शिक्का बसलाय तिथलं एकेक प्रकरण तपासून ठरवू म्हणतात. बाकीच्यांचं धुराडं ठरलेल्या उंचीचं असलं की झालं. कारण काय, तर आपल्या कोळशात गंधक कमी आहे. मग हे कारण दिल्लीला का चालत नाही? कोळसा तोच आहे, नाकं वेगळी आहेत. गावकूस पूर्वी दगडमातीचं असायचं. आता ते किलोमीटरमध्ये मोजतात.

कुणी शहाणा म्हणेल, चळवळवाले आता विजेच्याच विरोधात गेले. गप रे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज त्यांच्याच खात्याखाली होती. वीज स्वस्त पाहिजे, भरपूर पाहिजे, तिच्याशिवाय कारखानदारी नाही आणि कारखानदारीशिवाय या देशाचं दारिद्र्य हटत नाही, ही त्यांची मांडणी. चरख्याची आरती आपण कधी ओवाळली नाही. मोटारीचीही ओवाळणार नाही.

माथेरान घ्या. पर्यावरण जपायचं म्हणून तिथं मोटारींना बंदी. झाडी शाबूत, हवा शुद्ध, आणि त्या शुद्ध हवेत माणूस माणसाला हातरिक्षात घालून चढावरून ओढत होता. परवानाधारक ९४ जण. पर्यटकांना त्यात गंमत वाटायची, फोटो काढायचे. हातरिक्षावाल्यांनीच विजेच्या रिक्षा मागितल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सांगितलं की ही प्रथा अमानुष आहे, सहा महिन्यांत बंद करा, यांना विजेच्या रिक्षा द्या. तिथं विजेची गाडी आपली आहे. तिथं तिच्यासाठी रस्त्यावर उतरू. गाडी चांगली की वाईट हा सवालच बावळट आहे. ती कुणाची पाठ हलकी करते आणि कुणाच्या पाठीवर बसते, ते बघा.

आता आपल्या वस्तीत या. वस्तीत मोटार येत नाही, स्कूटर येते. भाड्याची, नाहीतर हप्त्याची. तिच्यावर आपला पोरगा दुसऱ्याची बिर्याणी पोचवतो. २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या पुढं न जाणारी असली तर लायसन नको, नोंदणी नको. पेट्रोलचे पैसे वाचतात हे खरंच आहे, कोण नाही म्हणतो. पण रात्री तिची बॅटरी कुठं चार्ज होते? बंगलेवाल्याला गॅरेज आहे. आपल्याला दहा बाय दहाची खोली. बॅटरी काढून वर आणायची, टीव्हीच्या बोर्डाला लावायची, दाराजवळ ठेवायची आणि शेजारीच अंथरूण टाकायचं.

लिथियमच्या बॅटरीत कितीतरी छोटे छोटे सेल असतात. एखादा आतून शॉर्ट झाला, गरजेपेक्षा जास्त चार्ज झाला, किंवा दिवसभर उन्हात तापलेला तसाच लावला, की तो गरम होत जातो. एका हद्दीपुढं आतली रसायनंच आणखी उष्णता सोडायला लागतात. मग शेजारचा सेल, मग त्याच्या शेजारचा. बटण बंद करून हे थांबत नाही. विषारी धूर येतो, जाळ येतो, आणि विझली म्हणून हात लावावा तर पुन्हा पेटते. हे सगळं ताब्यात ठेवायला बॅटरीत एक सर्किट असतं. स्वस्तातल्या, इकडचे तिकडचे सेल घालून बांधलेल्या बॅटरीत पहिली कंजुषी तिथंच होते.

२०२२च्या मार्चमध्ये तामिळनाडूत वेल्लूरला घरी चार्जिंगला लावलेली स्कूटर रात्री पेटली, बाप आणि लेक धुरात गुदमरून मेले. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या वसईत घरात चार्ज होणाऱ्या बॅटरीचा स्फोट झाला. सात वर्षांचं पोर भाजलं आणि गेलं. त्याच महिन्यात सिकंदराबादला खाली विजेच्या स्कूटरींचं दुकान, वर लॉज. खाली आग लागली, आठ माणसं मेली. मग सरकारनं बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत. बरं केलं. पण ते नव्या गाड्यांना. जुन्या कुठं गेल्या? सगळं जुनं जिथं येतं तिथंच. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात हो. पण पेट्रोलची टाकी कुणी उशाशी घेऊन झोपत नाही.

बॅटरी मेल्यावर काय? मढं कुणी ओढायचं हे या देशात आधीच ठरलेलं आहे. ई-रिक्षा बघा. त्यातल्या पुष्कळ अजून शिशाच्या बॅटरीवर पळतात आणि ही बॅटरी फार जगत नाही. २०२२चे बॅटरी-कचऱ्याचे नियम सांगतात, बनवणाऱ्यानं ती परत गोळा करायची आणि रीतसर कारखान्यात द्यायची. कागद झकास. पण भंगारवाला रोख मोजतो. मग कुठल्यातरी वस्तीमागं उघड्यावर बॅटरी फोडायची, तेजाब मातीत ओतायचं, शिशाच्या पट्ट्या भट्टीत वितळवायच्या. शिसं अंगणात बसतं. रांगणारं पोर मातीतला हात तोंडात घालतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२०मध्ये अहवाल काढला, त्यात भारतातल्या २७ कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात शिसं धोक्याच्या रेषेवर असल्याचा अंदाज आहे. सगळं बॅटरीचं नव्हे, रंगातून येतं, मसाल्यातून येतं, भांड्यांतूनही येतं. पण भट्टीला लागून राहणाऱ्या पोराला ते कुठून आलं हे सांगायला डॉक्टर नको. शिसं मेंदूवर जातं. लक्ष लागत नाही, बुद्धी मागं पडते, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. उद्या हाच पोरगा परीक्षेत नापास झाला की हेच लोक म्हणतील, यांच्यात मेरिट नाही!

आणि सवलती कुणाला? २९ एप्रिल २०२५ला राज्य मंत्रिमंडळानं विजेच्या वाहनांचं धोरण मंजूर केलं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, सगळीकडं विजेच्या मोटारीला टोल माफ. दहा दिवसांनी, ९ मेला, बेस्टचं किमान भाडं ५चं १० रुपये झालं. म्हणतील, दोन खाती वेगळी. खिसेही वेगळेच आहेत. बेस्टनंही विजेच्या बस आणल्या, त्या ठेकेदाराच्या, ड्रायव्हरसकट. ९ डिसेंबर २०२४ला रात्री कुर्ल्यात अशीच एक १२ मीटरची बस गर्दीत घुसली. सातहून जास्त मेले, चाळीसवर जखमी. आधी ओरड झाली, ब्रेक फेल. तपासणीत ब्रेक ठीक निघाले. ड्रायव्हर त्याआधी क्लच-गिअरच्या लहान बस चालवणारा. ही लांबलचक, बिनगिअरची, पाय दाबला की आवाज न करता उसळणारी. अटक त्याला झाली. शिकवायला किती दिवस दिले, याचा जाब ठेकेदाराला कोण विचारतो?

महापालिकेकडं मागायचं ते हे : वस्तीच्या तोंडाशी, उघड्यावर, चार्जिंगची शेड. एसआरएच्या इमारतीत जिन्याखाली, मीटरच्या पेटीजवळ चार्जिंग बंद. आणि कंपनी पोरांना भाड्यानं स्कूटर देत असेल तर बॅटरीची जबाबदारी कंपनीची, पोराची नाही. वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेऊ तेव्हा नेऊ. तोवर पोरांनो, खोलीला दार एकच असतं, बॅटरी दारात लावू नका. कामावरून आणली की तासभर निवू द्या. चार्जर गाडीबरोबर आला तोच वापरा. फुगलेली, वास मारणारी बॅटरी घरात एक रात्रही नको. आणि धूर दिसलाच तर बादली घेऊन बहाद्दुरी दाखवत बसू नका. म्हातारी माणसं, लेकरं बाहेर काढा, शेजारच्यांची दारं ठोठवा, १०१ला फोन करा.