आगोटीचा बाजार आणि चवीचा महोत्सव

चैत्र लागला की किनाऱ्यावरच्या गावांत हल्ली दोन प्रकारचे मांडव पडतात. एक लग्नाचे, दुसरे महोत्सवाचे. आंबा महोत्सव, काजू महोत्सव, मालवणी खाद्यमहोत्सव, ‘शेतकरी ते ग्राहक’ असे फलक लावलेला थेट विक्रीचा बाजार, अशी त्यांची नावे वर्षागणिक वाढत आहेत. उद्घाटनाच्या भाषणांत आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतांत एक वाक्य हमखास असते: अशा उपक्रमांतून कोकणच्या खाद्यसंस्कृतीचे जतन होते. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. अन्नाला ज्यांमुळे संस्कृतीचे रूप येते ते ऋतू, श्रम आणि हिशेब हे तिन्ही घटक वेगळे काढून हे महोत्सव केवळ चव शिल्लक ठेवतात. ही शस्त्रक्रिया ज्या भाषेत केली जाते ती भाषा मराठी साहित्याने पुरवलेली आहे. म्हणूनच हा विषय पर्यटन खात्यावर सोडून देता येत नाही. तो साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आणि अध्यापकांचाही आहे.

अशा कोणत्याही महोत्सवाचे पत्रक साहित्यकृती वाचावी तसे वाचून पाहावे. ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘आजीच्या हातची चव’, ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘कोकणचा मेवा’ ही विशेषणे आणि हे शब्दप्रयोग तर असतातच. पण विशेषणांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी असतात. आंबे येतात. फणस लगडतात. मासळी मिळते. सोलकढी जिभेवर रेंगाळते. या संपूर्ण गद्यात कुणी काही करीत नाही, सर्व काही आपोआप होते. झाडावर चढणारा, जाळे ओढणारा, रातांबे फोडून हात लाल करून घेणारी, उन्हात वाळवणाची राखण करीत बसणारी, यांपैकी कुणीही वाक्याच्या कर्त्याच्या जागी बसत नाही. कर्ता गाळला की श्रम गळतात आणि श्रम गळले की मोबदल्याचा प्रश्न उद्भवत नाही. व्याकरणातली एवढीशी सोय किती मोठी कामगिरी बजावते ते यावरून कळावे.

आता याच दिवसांतला दुसरा बाजार पाहू. कोकणात ‘आगोट’ हा शब्द पावसाळ्याच्या तोंडाला आणि त्यासाठी करून ठेवायच्या बेगमीला वापरला जातो. वैशाख हा येथे उपभोगाचा महिना कधीच नव्हता. तो धास्तीचा आणि घाईचा महिना. पुढचे तीन-चार महिने दर्या बंद, वाटा चिखलाच्या, हाताला काम लावणीपुरते आणि चूल मात्र रोज पेटायची. म्हणून आठवडा बाजारात सुके बांगडे, सोडे, जवळा, गोलमा, सुकी मिरची, कांदे, चिंच, मीठ, कुळीथ यांची खरेदी होते. घरी रातांब्याच्या साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, संध्याकाळी काढायच्या, पुन्हा बुडवायच्या. असे अनेक दिवस केल्यावर त्यांची सोले होतात. आंब्याफणसाची साठे, सांडगी मिरच्या, पापड, कुळथाचे पीठ, मातीत पुरून किंवा वाळवून ठेवलेल्या आठळ्या, यांपैकी एकही पदार्थ हौसेतून जन्मलेला नाही. प्रत्येकामागे आषाढातल्या एखाद्या रिकाम्या दुपारचे भय आहे.

गोव्यात याच बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’ या शब्दाचे ते कोकणीने आपल्या जिभेवर घोळवून घेतलेले रूप. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या सुमारास, पावसाच्या तोंडावर, पुरुमेंताचे फेस्त भरते. सुकी मासळी, मिरची, सोले, चिंच, व्हिनेगर असा पावसाळ्याचा साठा लोक तेथून घरी नेतात. त्याच्याही नावात ‘फेस्त’ म्हणजे उत्सव आहे, हे मुद्दाम नोंदवतो. उत्सवाशी आमचे वैर नाही. मडगावचा उत्सव बेगमीच्या गरजेतून उगवलेला आहे. ज्या महोत्सवांविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांना कसलीच गरज भागवायची नसते. तिथून घरी न्यायचे ते एक छायाचित्र आणि फार तर आंब्याची एक पेटी.

ऋतू गाळल्याने काय होते, हे २०२५ च्या मे महिन्याने पुरेसे दाखवून दिले. नैऋत्य मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची आधी नोंद नव्हती. त्याआधीच किनाऱ्यावर अवकाळी सरी सुरू झाल्या होत्या. ज्यांच्या लेखी मे महिना म्हणजे सुट्टी, त्यांच्यासाठी हा सहलीचा विरस होता. ज्यांच्या लेखी तो सोले आणि मासळी वाळवण्याचा शेवटचा पंधरवडा, त्यांची आगोटच बुडण्याची ही गोष्ट होती. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी कायद्याने बंद होते. त्यामुळे मेमध्ये जे वाळले नाही ते जूनमध्ये भरून काढता येत नाही. महोत्सवाच्या शब्दकोशात या नुकसानीला शब्दच नाही, कारण त्या शब्दकोशात पाऊस फक्त ‘रिमझिमतो’.

‘अस्सल’ या शब्दाचाही हिशेब एकदा मांडला पाहिजे. अस्सल मालवणी मसाल्याची मिरची बव्हंशी घाटापलीकडची: ब्याडगीची, संकेश्वरची. मिरची आणि काजू ही दोन्ही पिके पोर्तुगिजांच्या हातून अमेरिकेतून आपल्याकडे आली. ‘हापूस’ हे नावच पोर्तुगीज ‘अफोन्सो’चा अपभ्रंश. कोकणातल्या बाजारात विकली जाणारी भाजी आजही मोठ्या प्रमाणावर कोल्हापूर-बेळगावकडून उतरते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. घाट आणि तळकोकण, दर्या आणि डोंगर, परके आणि आपले यांच्या देवाणघेवाणीतूनच हे अन्न घडले. सावंतवाडीचा मंगळवारचा किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार स्वतःला कधी अस्सल म्हणवून घेत नाही. त्याला ती गरज नाही. तिथे ओले काजूगर शेकड्यावर मोजतात, मासळी वाट्यावर घेतात, भाव पाडून मागतात, उधारीची आठवण करून देतात. अस्सलपणाची ग्वाही द्यावी लागते ती देवाणघेवाण तोडून पदार्थ काचेच्या कपाटात ठेवल्यावर.

या कपाटाबाहेर कोण राहते? रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि कामाला वर्षानुवर्षे नेपाळहून आलेली माणसे आहेत. मासेमारी नौकांवरच्या खलाशांतही नेपाळी आहेत. ‘कोकणी माणसाच्या मेव्या’च्या कथेत त्यांचा उल्लेख कुठे येत नाही. काजूची टरफले फोडताना ज्यांची बोटे तेलाने भाजतात त्या कारखान्यांतल्या बायका येत नाहीत. सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन उन्हात बसणाऱ्या बायकाही येत नाहीत, कारण पत्रकात सुरमई, पापलेट आणि तिसऱ्या शोभतात, गोलम्याचा वास शोभत नाही. कोणाचे अन्न मंडपाच्या मध्यभागी आणि कोणाचे कडेला, हा रुचीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो जातीचा आणि वर्गाचा प्रश्न आहे.

जमिनीचा इतिहासही असाच बाहेर राहतो. अलिबागचा पांढरा कांदा आज महोत्सवांत मानाने मिरवतो. त्याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षे संप चालवला आणि जमिनी पडीक ठेवून उपासमार सोसली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. पिकवणाऱ्याच्या ताटात काय पडत होते, हे या संपाइतके स्पष्ट सांगणारे दुसरे प्रकरण कोकणच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पण ‘खाद्यसंस्कृती’च्या एकाही दालनात ते नसते. फार मागे जायलाही नको. २०२३ च्या एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात, राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर तेल शुद्धीकरण प्रकल्पासाठी होणाऱ्या माती परीक्षणाला विरोध करणारे गावकरी भर उन्हात ठाण मांडून होते आणि पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला. प्रकल्प हवा की नको यावर मतभेद असू शकतात. परंतु ज्या जमिनीच्या फळाचा आपण उत्सव करतो त्या जमिनीचे काय होणार, हा प्रश्न त्या उत्सवात अशिष्ट ठरावा, हे कसले जतन?

आता साहित्याकडे येऊ. ही कर्ता गाळणारी भाषा आकाशातून पडलेली नाही. मराठी ललित गद्यातले कोकण मोठ्या प्रमाणावर मे महिन्यातले कोकण आहे. कारण उघड आहे. लिहिणारा बहुधा चाकरमान्याच्या घरातला. शाळेला सुट्टी लागली की बोटीने, पुढे एस.टी.ने आणि १९९८ नंतर कोकण रेल्वेने गावी पोचणारा. तो पोचतो तेव्हा आंबा पिकलेला, फणस उतरवलेला, करवंदे तयार. जूनच्या आरंभी तो परततो आणि आगोटीनंतरचा काळ त्याच्या अनुभवाबाहेर राहतो. बालपणीच्या या दृष्टीत दोष नाही. दोष आहे तो तिलाच कोकणचे समग्र दर्शन मानण्यात. वसंतातला खाद्यमहोत्सव म्हणजे चाकरमान्याच्या सुट्टीला मिळालेले संस्थात्मक रूप. तो तिकीट लावून आपल्याला तीच सुट्टी परत विकतो.

मराठीत दुसरी परंपरा नव्हती असे नाही. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मध्ये जमीन, मालकी आणि ऱ्हास यांचा ताळेबंद आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने (१९५६) महिन्यामहिन्याने पाहण्याची शिस्त दिली, सुंदर आणि भयावह यांना वेगळे न काढण्याचे भानही दिले. पाकपुस्तकांतही, लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) पासून कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) पर्यंत, निदान करणारीचे हात दिसतात: घ्यावे, भाजावे, वाटावे. आणि शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीविषयी लिहून, मराठी खाद्यलेखन कोणाच्या स्वयंपाकघरापुरते मर्यादित होते, ते शीर्षकापासूनच दाखवून दिले. किनाऱ्याच्या अन्नाविषयी त्या तोडीचे पुस्तक आपल्याला हवे आहे. महोत्सवांच्या स्मरणिका ही जागा भरून काढू शकत नाहीत. त्या ती भरल्याचा भास मात्र निर्माण करतात.

याला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की महोत्सवामुळे बागायतदाराला आणि बचत गटांतल्या महिलांना चार पैसे मिळतात. हे खरे आहे आणि ते हलके लेखण्याचा आमचा हेतू नाही. वाशीच्या बाजारात दलालाकडे पेटी गेल्यावर तिचे काय होते हे ज्याला ठाऊक आहे तो थेट विक्रीला विरोध करणार नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परप्रांतीचा आंबा ‘देवगड’ म्हणून खपतोच. तेव्हा बागायतदाराला गिऱ्हाइकासमोर उभे राहता येणे मोलाचे आहे. पण मग उभे राहू द्या. त्याला ‘संस्कृती’च्या देखाव्यातले पात्र करण्याऐवजी विक्रेता म्हणून बोलू द्या: मोहोर किती टिकला, फवारणीला किती गेले, राखणीची मजुरी किती, पेटीमागे हाती काय उरले. ज्या बाजारात हे प्रश्न विचारता येतात तो बाजार. जिथे ते विचारणे रसभंग ठरते तो देखावा.

दुसरा आक्षेप असा की आठवडा बाजार तरी कुठे शुद्ध राहिले आहेत. तिथे प्लॅस्टिकची खेळणी आणि कारखान्यातले मसालेच अधिक. मान्य. आम्ही शुद्धतेचे वकीलपत्र घेतलेले नाहीच. बाजारातही जात आहे. कोण कुठे बसते यात ती दिसते. परंतु बाजार आपली भांडणे लपवत नाही. महोत्सवाच्या मांडवात भांडण नाही, कारण ज्यांचे भांडण आहे त्यांना स्टॉलच मिळालेला नाही. रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा संघर्ष किनाऱ्यावर किती काळ चालू आहे! राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, तरी तो मिटला नाही. ताटातला बांगडा कोणत्या जाळ्यातून आला, हा प्रश्न मासळी खाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. तो विचारला जाईल असा एखादा तरी परिसंवाद या महोत्सवांत का नसावा?

दुसरा मार्ग अशक्य नाही. पणजीत बॉटनिकल सोसायटी ऑफ गोवा भरवत आलेल्या कोकण फ्रूट फेस्टमध्ये फळांच्या जाती, कलमे आणि ती लावणारे लोक यांना केंद्रस्थान आहे. तिथून माणूस रोप घेऊन घरी जाऊ शकतो. आमच्या मागण्या याहून मोठ्या नाहीत. प्रत्येक दालनावर पिकवणाऱ्याच्या आणि राबणाऱ्याच्या कामाचा व मोबदल्याचा फलक असावा. सुक्या मासळीला मंडपात जागा असावी. महोत्सव बाजाराच्या वारी आणि बाजाराच्या जागी भरवावा, म्हणजे गावाचे गिऱ्हाईक तुटणार नाही.

आणि मराठी विभागांसाठी एक मागणी. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मे महिन्यात वही देऊन आठवडा बाजारात पाठवावे. वाळवणाचे, मापांचे, जाळ्यांचे, मासळीच्या आकारांचे, उधारीचे शब्द त्यांनी विकणाऱ्यांच्या तोंडून, वाक्यासकट, लिहून आणावेत आणि त्या दिवशीचे भावही. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात ‘माझे कोकण’ या ललितलेखासाठी राखलेली तीन पाने एका वर्षी या यादीला द्यावीत.