टाळी कशाला वाजवली?



गेल्या वर्षी जुलैमध्ये मी मुलाकडे न्यू जर्सीला होते. नातवाचा आठवा वाढदिवस होता. "आई, तुझ्यासाठी व्हेज आहे, फोन करून विचारलंय," असं म्हणत मुलगा आम्हाला एका झकपक जपानी स्टेकहाउसमध्ये घेऊन गेला. तिकडे त्या दिवसांत साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे रात्रीभोजनाची सबबही मला नव्हती.

तिथे मधोमध मोठा लोखंडी तवा आणि त्याच्या कडेने आठ खुर्च्या. चार आम्ही, चार अनोळखी. आचारी समोरच रांधतो. त्याने कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून ज्वालामुखी केला, पेटवला, पोरं किंचाळली. मग त्याच तव्यावर शेजाऱ्यांचं गोमांस, कोळंबी आणि एका कोपऱ्यात माझी झुकिनी. उलथनं एकच. कोळंबीची शेपटी त्याने उडवून टोपीत झेलली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणींनो, मीसुद्धा वाजवल्या.

भिशीत हे सांगितलं तर उत्तरं ठरलेली. "तुम्ही भाजीच खाल्लीत ना? मग झालं." नाही झालं. तव्यावरचा रस कोपरा बघून थांबत नाही. मी बी.कॉम. आहे, दोन खाती एकाच वहीत एकत्र लिहिली तर हिशेब जुळत नाही, एवढं मला कळतं.

दुसरं उत्तर, "किराणा दुकानातही मांस असतंच की." असतं. पण तिथे कुणी ते माझ्यासमोर परतून माझ्याकडून शाबासकी मागत नाही. आपल्या धर्मात हिंसा तीन तऱ्हांची सांगितली आहे: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली तिला मान डोलावलेली. पाठशाळेत आपण हे घोकलेलं आहे. मी त्या दिवशी मांस खाल्लं नाही, मागवलं नाही. पण टाळी? टाळीपेक्षा चोख अनुमोदना कुठली!

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं: "जग पाहायला नको का? जपानी संस्कृती आहे." मग ती तरी नीट पाहा. तव्यावरच्या स्टेकची ही पद्धत 1945 साली कोबे शहरात सुरू झाली असं मानतात, आणि तिचा तमाशा लोकप्रिय केला तो अमेरिकेने. न्यूयॉर्कमध्ये बेनिहाना निघालं 1964 साली. त्याच जपानमध्ये इ.स. 675 मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातले काही महिने बंदी घातली होती. सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं ते थेट 1872 मध्ये. तिथल्या बौद्ध मठांत 'शोजिन र्‍योरी' नावाचा स्वयंपाक आजही होतो. त्यात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. आपल्यासारखा कंदमुळांचा नियम ते पाळत नाहीत, पण "हे आम्ही खात नाही" असं म्हणायला ते लाजत नाहीत. लाजतो आपण.

त्या हॉटेलची यात काही चूक नाही. ते मांसाचंच घर आहे आणि पाटीवर तसं लिहिलेलं आहे. मुलाचीही नाही, त्याने प्रेमाने नेलं. चूक माझी. "आई मागासलेली" म्हणतील या भीतीने मी फोनवरच "नको रे" म्हटलं नाही.

परतताना गाडीत नातू म्हणाला, "आजी, यू क्लॅप्ड! म्हणजे श्रिंप ओके आहे ना?" चाळीस वर्षांचे माझे उपास त्या एका वाक्यापुढे उणे पडले. मुलं आपली प्रवचनं ऐकत नाहीत, आपले हात बघतात.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "आजी चुकली." मग घरातला सपाट तवा काढला, टोफू, ढोबळी मिरची आणि मका परतला. उलथनं त्याच्याच हाती दिलं. त्याने मक्याचा दाणा उडवला, तो माझ्या चष्म्यावर आपटला.

म्हणून सांगते, पुढच्या वेळी कुणी म्हणालं "तुमच्यासाठी व्हेज आहे", तर एवढंच विचारा: तवा कुणाचा? आणि उत्तर पटलं नाही तर हसून नाही म्हणा. पोरं रुसतील थोडी. रुसू द्या.