साठ मिलिलिटरचे आरोग्य

आले, ओली हळद, आवळा, गाजर आणि बीट ही नावे घेतली की डोळ्यांपुढे मंडईतील पाटी उभी राहते. परंतु अलीकडे मोठ्या शहरांतील दुकानांच्या शीतकपाटांत हाच माल अंगठ्याएवढ्या बाटल्यांत भरून मांडलेला दिसतो. त्याला नाव आहे 'वेलनेस शॉट'. बाटलीत रस साठ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चार मोठे चमचे. आणि किंमत पुष्कळदा शंभर रुपयांच्या घरात. २०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने काढा, हळदीचे दूध आणि च्यवनप्राश यांचा सल्ला दिला आणि 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द घरोघरी पोचला. साथ ओसरली, शब्द मागे राहिला. त्या शब्दावर आज एक बाजारपेठ उभी आहे, आणि तिचे गिऱ्हाईक केवळ धनिक वर्ग नाही. तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण प्राध्यापक, बँकेतील लिपिक, वसतिगृहात राहणारे विद्यार्थी यांच्याही हातांत ही बाटली दिसू लागली आहे. म्हणूनच तिचा हिशेब मांडणे अगत्याचे वाटते.

प्रथम हा रस घरी काढावयास किती खर्च येतो ते पाहू. चार माणसांसाठी दीडशे ग्रॅम आवळे, तेवढेच गाजर, अर्धे बीट, आल्याचा आणि ओल्या हळदीचा प्रत्येकी पंचवीस ग्रॅमचा तुकडा आणि एक लिंबू एवढा ऐवज पुरतो. हिवाळ्यातील भाव सढळ हाताने धरू: आवळा किलोला ८० रुपये, गाजर ५०, बीट ४०, आले १२०, ओली हळद १००, लिंबू पाच रुपयांना एक. बेरीज सुमारे ३३ रुपये होते. रस निघतो सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास; म्हणजे माणशी सव्वाआठ रुपये. हेच चौघांनी रोज बाटलीतून घ्यावयाचे ठरविले तर महिन्याला बारा हजार रुपये लागतील. घरी हजारही लागत नाहीत. ज्या घरात महिनाअखेर दुधाचे बिल पुढे ढकलावे लागते तेथे हा फरक क्षुल्लक नव्हे. वसतिगृहातील विद्यार्थ्याच्या बाबतीत तर एका बाटलीची किंमत पुष्कळ ठिकाणी दिवसाच्या खाणावळीशी बरोबरी करते. जेवण चुकवून शक्तिवर्धक रस पिणारा विद्यार्थी ही कल्पना हास्यास्पद वाटेल. पण वर्गात ती मूर्तिमंत बसलेली असते.

सव्वाआठ आणि शंभर यांतील सारे अंतर नफ्याचे आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. बाटली, न तापविता दाबाखाली रस काढणारी यंत्रे, कारखान्यापासून दुकानापर्यंत अखंड थंडावा राखण्याचा खर्च, मुदत संपल्याने परत येणारा माल, कर, घरपोच सेवा आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत कमी नव्हे, जाहिरात. या साखळीत कष्ट करणाऱ्या प्रत्येकाला मोबदला मिळावयासच हवा. प्रश्न एवढाच की, साखळीच्या पहिल्या कडीला काय मिळते? वरील आठ रुपयांत मंडईतील अडत्या आणि किरकोळ विक्रेता यांचाही वाटा आहे. तो वजा जाता शेतकऱ्याच्या हाती राहते ते शंभरातील चार-पाच रुपयांहून अधिक असेल असे वाटत नाही.

आल्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यात, तसेच कन्नड-फुलंब्रीकडे हे पीक मोठे. बेणे महाग, जमिनीत मुक्काम आठ-दहा महिन्यांचा आणि भाव लहरी. २०२३ च्या उन्हाळ्यात किरकोळ बाजारात आले किलोला दोनशे रुपयांच्या पलीकडे गेले. त्या भावाकडे पाहून लागवड वाढली. माल बाजारात आला तेव्हा भाव पार उतरले होते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या चक्राला 'कोळ्याचे जाळे' म्हणतात: मागच्या वर्षीच्या भावावर यंदाची लागवड, आणि यंदाच्या लागवडीने पडलेल्या भावावर पुढच्या वर्षीची काटछाट. भाव पडला की सातारकर शेतकरी आले जमिनीतच राखून पुढच्या वर्षाची वाट पाहतो. पण ही वाट पाहण्याची ऐपत किती जणांची असते? आणि आले मातीमोल झाले त्या काळात बाटलीची किंमत उतरलेली कोणी पाहिली काय? कच्च्या मालाचा अंश इतका थोडा असला म्हणजे त्याच्या भावातील चढउतार वरपर्यंत पोचतच नाहीत.

हळदीच्या वाट्याला आलेला इतिहास याहूनही बोलका आहे. १९९५ साली अमेरिकेत, जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर चक्क पेटंट देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख पुराव्यादाखल पुढे ठेवला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट कोणाच्या मालकीची होऊ शकत नाही, हे त्या निकालाने मान्य केले. आता कोणी मालकी सांगत नाही. फक्त तीच गोष्ट आकर्षक वेष्टणात परत आपल्याला विकली जाते, आणि ती घेताना आपण घरच्या आल्या-लिंबाच्या पाचकाकडे किंचित तुच्छतेने पाहतो. व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली तेव्हा त्याच्यापुढे चांदीचे चमचे होते. आज तो असता तर त्याने आपल्या बाटल्यांकडे कुतूहलाने पाहिले असते.

तर मग रस घरीच काढावा, हे झाले. पण 'घरीच' म्हणजे कोणी काढावा? हा प्रश्न अर्थशास्त्राने फार काळ टाळला. पिगूने १९२० साली दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर काम तेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते. आपला रसही तसाच. बाटली घेतली की देशाचे उत्पन्न शंभराच्या हिशेबाने वाढते. घरी काढला की केवळ भाजीचे तेहतीस रुपये जमेस धरले जातात आणि धुणे, सोलणे, किसणे, गाळणे हे सारे शून्य. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार विनावेतन घरकामावर स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्चितात, पुरुष ८८. सकाळी सहाला डबे भरणाऱ्या गृहिणीच्या त्या २८९ मिनिटांत या रसाची आणखी वीस मिनिटे घालून, वर 'घरचे ते स्वस्त' असे म्हणणे हा अप्रामाणिक हिशेब होय. ज्याला आरोग्याचा सोस आहे त्याने स्वतः किसणी हाती घ्यावी. हळदीने बोटे पिवळी होतात, बीटाने लाल. त्याने कोणाचा अधिकार कमी होत नाही.

कृती अवघड नाही. जमिनीतून निघालेल्या कंदांना माती चिकटलेली असते. ते भिजवून, ब्रशाने घासून, पुन्हा वाहत्या पाण्यात धुवावेत. आवळ्याच्या बिया काढाव्यात, बाकीचे किसून मिक्सरमध्ये फिरवावे आणि स्वच्छ फडक्यातून पिळून घ्यावे. शेवटी लिंबू, चिमूटभर सैंधव आणि मिरपूड. मिरपूड चवीपुरती नव्हे. हळदीतील कुर्क्युमिन शरीरात फार थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पायपेरीन त्याला मदत करते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले. अर्थात त्यांनी मोजून दिलेली मात्रा आणि आपली चिमूट यांत पुष्कळ अंतर आहे, हेही ध्यानात ठेवावे. रस काचेच्या वा स्टीलच्या भांड्यात घ्यावा. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवू नये हे आपल्या आयांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

आठवड्याचा रस एकदम काढून ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. गाजराचा रस आंबट नसतो, आणि अशा रसात, तो बंद बाटलीत उबेला राहिल्यास, अत्यंत घातक जीवाणूविष तयार होऊ शकते. २००६ साली अमेरिकेत आणि कॅनडात बाटलीबंद गाजररसातून झालेल्या विषबाधेने माणसे पक्षाघातासारख्या अवस्थेत रुग्णालयात पडली होती. काढला त्याच दिवशी संपवावा, तोवर शीतकपाटात ठेवावा. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आपल्याकडेही महाग पडलेली आहे. २०१० साली दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा दुधीचा रस मुळीच पिऊ नये, असे बजावले. मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी बीटाचा रस जपून घ्यावा, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर हळद-आल्याचे असे अर्क डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नयेत.

एवढे सारे करून पदरात काय पडते? आवळ्यातून भरपूर क जीवनसत्त्व, आल्याने तोंडाला चव, बीटाच्या रसाने काहींच्या रक्तदाबात थोडा उतार. याहून अधिक वचन जो देईल त्याच्यापासून सावध राहावे. रोगप्रतिकारशक्ती ही काही कणगी नव्हे की, सकाळी एक माप ओतले आणि भरली. रोग बरे करण्याचे दावे रोखण्यासाठी आपल्याकडे १९५४ चा औषधे व जादूटोणा उपायविषयक जाहिरात कायदा आहे, २०१८ चे अन्नपदार्थांच्या दाव्यांविषयीचे नियम आहेत. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने फळरसांच्या वेष्टनांवरून 'शंभर टक्के फळांचा रस' ही शब्दयोजना काढून टाकण्याचा आदेश दिला. परंतु वेष्टनावर न छापता एखादा प्रसिद्ध चेहरा तेच भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोलून दाखवितो, आणि तेथे नियमाचा हात क्वचितच पोचतो.

खरे म्हणजे गाजर आणि बीट यांचा रस काढण्याचीच आवश्यकता काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत रसापेक्षा अखंड फळाला पसंती दिली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ज्या साखरेवर मर्यादा घालावयास सांगितले तिच्यात फळरसातील साखरही धरली आहे. पिळताना तंतू फडक्यात राहतात. गाजर-बीटाची कोशिंबीर, ओल्या हळदीचे लोणचे, मोरावळा, आलेपाक (साखर बेताने घालून) हे आपल्या ताटात होतेच, आणि त्यांना शीतकपाट नव्हे, केवळ बरणी पुरत असे. ज्यांना रसच हवा त्यांनी निदान चोथा फेकू नये. भाजणीत मिसळला तर त्याचे थालीपीठ उत्तम होते.

एक सूचना मात्र विचारार्थ मांडावीशी वाटते. महाविद्यालयांच्या उपाहारगृहांची कंत्राटे दर काही वर्षांनी नव्याने दिली जातात. तेथे चहा, वडा आणि रंगीत पेये यांचे दर ठरविले जातात. त्याच यादीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळापुरते आवळा-आल्याचे ताजे पाचक, समोर काढलेले, दहा ते पंधरा रुपयांत देण्याची अट घालता येईल. आवळा गावच्या आठवडे बाजारातून आणता येईल, आणि दरफलकावर त्यात काय किती घातले ते ग्रॅममध्ये लिहिता येईल. प्राचार्य आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांनी एका बैठकीत ठरविण्याजोगी ही गोष्ट आहे. तिला सरकारी अनुदान लागत नाही.