वाडगे निराळे, मेज एकच

आपल्याकडे एकत्र जेवण म्हटले की डोळ्यांपुढे पंगत उभी राहते. पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाजी. मध्यभागी भाताची मूद आणि तीवर वरण. सर्वांना तेच, त्याच क्रमाने. या समतेचे आपण कौतुक करतो, परंतु तिला दुसरी बाजूही आहे. पान सर्वांचे एकच असावयाचे, तर ते ज्यांना चालेल त्यांनीच बसावयाचे. पंगतीस कोण बसणार, हे चूल पेटण्यापूर्वीच ठरलेले असे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा आणि बिस्किटे पुढे आली, तर तेवढ्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्यास तोंड द्यावे लागले आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली.

तो काळ सरला असे आपण म्हणतो. आमच्या सुरंगी-सिल्वासाकडील कारखान्यांत नागलीच्या भाकरीवर वाढलेला वारली, कांदा-लसूण वर्ज्य मानणारा जैन, हलाल पाहून खाणारा मुसलमान आणि मासळीवाचून घास न उतरणारा कोकणी एकाच पाळीवर काम करतात. मैत्रीही जुळते. पण ‘आज बाहेर जेवू या’ असे कोणी म्हटले, की या मैत्रीची परीक्षा सुरू होते. बहुधा कोणीतरी एक जण ‘मला आज भूक नाही’ म्हणून घरी जातो. त्याला भूक असते, हे सर्वांना ठाऊक असते.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसावाचून प्रवेश देण्यास प्रारंभ केला. त्यानंतर आम्ही असे पाच मित्र पेनांग बेटावरील जॉर्ज टाउन पाहावयास गेलो. पहिल्या संध्याकाळी एका ‘मामाक’ खानावळीत शिरलो. तमिळ मुसलमानांच्या उपाहारगृहांना तिकडे हे नाव आहे, आणि ते तमिळमधील ‘मामा’ या शब्दावरून आले. मामाचे घर म्हटल्यावर परकेपणा कसला राहणार!

तेथे ‘मी गोरेंग’ मागविले. ‘मी’ हा गव्हाच्या नूडल्ससाठी चिनी हॉक्किएन बोलीतला शब्द, ‘गोरेंग’ म्हणजे मलय भाषेत तळलेले किंवा परतलेले, आणि परतणारा तमिळ वंशाचा. एका बशीत तीन समाज नांदतात. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेली मॅगीसुद्धा तेथे ‘मॅगी गोरेंग’ होऊन याच कढईत पडते. मोठ्या आचेवर प्रत्येकाचा वाटा निराळा परतला जातो, त्यामुळे एकाला अंडे घालून, दुसऱ्याला तिखट कमी, तिसऱ्याला मांसावाचून, असे सांगण्यात कोणालाच संकोच वाटत नाही. मात्र शाकाहारी माणसाने तेथे सावध असावे. भाजी-टोफूच दिसत असला, तरी मसाल्यात ‘बेलाचान’, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जवळ्याची आंबवलेली चटणी, असू शकते. आणि कढई तर सर्वांची एकच. हे कळल्यावर आमच्या जैन मित्राने नुसता चहा घेतला. ‘तेह तारिक’ हा कंडेन्स्ड मिल्कचा चहा दोन भांड्यांतून उंचावरून ओतत फेसाळ करतात. तो चहा पीत मित्र शेवटपर्यंत बसून राहिला, उठून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका चिनी बौद्ध शाकाहारी दुकानात गेलो. त्या परंपरेत मांसाबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य आहेत, हे ऐकून जैन मित्राचा चेहरा उजळला. अंडे आणि बटाटा वगळून तांदळाच्या बारीक नूडल्स, ज्यांना तेथे ‘बीहून’ म्हणतात, कोबी आणि टोफूबरोबर मागविल्या. मांसच नसल्याने मुसलमान मित्राला अडचण उरली नाही. कोकणी मित्राला शिरवाळ्यांची आठवण झाली. तांदळाच्या शेवया आणि नारळाचा रस हे मीलन त्याच्या घरचे; मलेशियात तेच ‘करी लाक्सा’ होऊन गुळाऐवजी मिरची धारण करते. त्या दिवशी पाचही वाडगी रिकामी झाली.

यातून उमगते ते साधेच आहे. एकत्र जेवण्याच्या दोन रीती आहेत. पाने निराळी ठेवून मेज एक करावे, किंवा सर्वांत कडक पथ्य असलेल्याला विचारून जागा निवडावी. पहिल्या रीतीत प्रत्येकाची आवड सांभाळली जाते, दुसरीत एकाची भीड मोडते. बहुमताने खानावळ ठरविणे ही मात्र तिसरी रीत, आणि तीच आपण बहुधा पाळतो.

आमच्या पाचांतील वारली मित्र कारखान्याच्या जेवणघरात वर्षानुवर्षे आपला डबा खिडकीपाशी, एकटाच उघडीत आला आहे. पेनांगला मात्र सर्वांच्या आधी हात वर करून त्याने आपला वाडगा मागविला. कारण तेथे कोणाच्या डब्यात काय आहे, हे पाहणारे कोणी नव्हते. वाचकहो, नूडल्स खाण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही, त्या आता सिल्वासातही मिळतात. उद्या दुपारी भोंगा वाजला, की आपापले डबे उचलून त्या खिडकीपाशी नेणे तेवढे उरले आहे.