शेवटचा हात कोणाचा?

ग्रंथव्यवहारात गेल्या दोन दशकांत मोठे स्थित्यंतर घडून आले. परंतु त्याचा ताळेबंद मांडण्याची निकड अद्याप कोणास भासलेली दिसत नाही. पूर्वी लेखकाचे हस्तलिखित छापखान्यात जाई, खिळे जुळत, मुद्रिते टपालाने लेखकाकडे येत आणि शाईच्या खुणांनिशी परत जात. आज साताऱ्यातील लेखक व पुण्यातील संपादक एकाच मजकुरावर एकाच वेळी केवळ ब्राउझरमधून हात फिरवू शकतात. २००१ साली विकिपीडियाने वाचकालाच संपादक केले. २००६ साली गूगलने सामायिक लेखनाची सुविधा खुली केली. पानाची मांडणी न विस्कटता त्यातील मजकूर तेवढा लेखक-संपादकांना सुधारता यावा, अशी सोय करणारी साधनेही आता उपलब्ध आहेत.

या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. बाजारात व्यवहार करण्यासही खर्च पडतो आणि तो वाचविण्यासाठीच उद्योगसंस्था जन्मास येतात, असे प्रतिपादन रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये केले होते. दूरस्थ संपादनाने हा खर्च निश्चितच घटतो. गडचिरोलीतील शिक्षकास पाठ्यपुस्तकाच्या कामासाठी पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. ज्ञाननिर्मितीचे वर्तुळ चार शहरांबाहेर विस्तारते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

प्रश्न असा की, हा सारा खर्च खरोखरच नाहीसा झाला, की त्याचा काही भाग नुसताच दुसऱ्याच्या खांद्यावर गेला? टंकन, मुद्रितशोधन, दुरुस्त्यांची भरणी ही कामे आता लेखकाकडे सरकत आहेत. त्यांचा उल्लेख करारात क्वचितच असतो आणि मानधनात तर त्याहून क्वचित. मुद्रितशोधकाच्या वेतनात होणारी बचत हा यंत्राचा चमत्कार नसून लेखकाचे विनामोबदला श्रम होत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले. तथापि पानजुळणीसाठी जुन्या, युनिकोडबाह्य टंकांचा वापर अद्याप पुरता थांबलेला नाही. ब्राउझरमधील निर्दोष मजकूर अशा टंकात उतरविताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. मग दुरुस्त्या पुन्हा पानावर कराव्या लागतात आणि लेखकासमोरची प्रत एक व छापली जाणारी प्रत दुसरी, अशी अवस्था होते.

प्रस्तुत लेखकाने हा अनुभव घेतला आहे. एका संपादित ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रकरणात ‘राजकोषीय तूट’ या संज्ञेच्या जागी कोणा उत्साही सहकाऱ्याने सर्वत्र ‘राजकोषीय त्रुटी’ केले. तूट म्हणजे खर्चाचे जमेवरील आधिक्य, त्रुटी म्हणजे उणीव वा दोष. विद्यार्थ्याने कोणता अर्थ घ्यावा? बदल कोणी केला याची नोंद यंत्रात होती, पण ती पाहण्याची मुभा लेखकास नव्हती. पुस्तक छापून आले तेव्हा मुखपृष्ठावर नाव मात्र लेखकाचेच होते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकास विशेष अधिकार देते. हक्क दुसऱ्यास दिल्यानंतरही, कृतीच्या विपर्यासाने आपल्या लौकिकास बाध येत असेल तर त्यास दाद मागता येते. परंतु एका शब्दासाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? त्यापेक्षा व्यवहारातच शिस्त आणणे श्रेयस्कर. प्रत्येक बदलाची नोंद लेखकास दिसावी. ठरलेल्या दिवशी मजकुरास कुलूप लागावे व त्यानंतर लेखकाच्या संमतीवाचून अक्षरही बदलू नये. कुलूप लागण्यापूर्वी प्रत्यक्ष छापावयाची पाने लेखकाने पाहिलेली असावीत. वाढीव कामाचा मोबदला करारात लिहिला जावा. आणि मुद्रितशोधकाचे पद अनावश्यक मानले जाऊ नये.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवे यंत्र लागत नाही, लागते ती प्रकाशकाची इच्छा. शासकीय मंडळे आणि विद्यापीठे हीदेखील प्रकाशकच आहेत. त्यांनी आपल्या करारनाम्यांपासून प्रारंभ करावा. मजकुरावर अनेकांचे हात फिरण्यास हरकत नाही. शेवटचा हात कोणाचा, हे मात्र आधी ठरले पाहिजे.