अहवाल ‘नॉर्मल’, दुखणे मात्र खरे

सोयाबीनची सोंगणी उरकली की अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावांत एक ओळखीची तक्रार ऐकू येते. ताप नाही, जखम नाही, पण ‘अंगच दुखते’, ‘हातापायांत जीव नाही’, ‘रात्रभर झोपले तरी उठताना थकवा तसाच’. रक्त तपासले जाते, गुडघ्याचा किंवा कमरेचा एक्स-रे होतो आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. मग एक सुई, पाच दिवसांच्या गोळ्या, वर ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. आठवडाभर बरे वाटते, पुढच्या महिन्यात तीच बाई पुन्हा रांगेत असते.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा दिली आहे. अंगभर दुखणारा ‘फायब्रोमायल्जिया’ही त्यात आहे. म्हणजे एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. ही गोष्ट रुग्णाइतकीच त्याच्या सासरच्यांना आणि काही डॉक्टरांनाही सांगावी लागते.

महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना असा त्रास होता. त्यांत बायका जास्त होत्या आणि अर्ध्याहून अधिक जणांचे दुखणे कोणत्याही ठरावीक निदानाच्या चौकटीत नीट बसत नव्हते. संधिवाताचा शिक्का बसलेले रुग्ण त्या मानाने थोडे होते. खेड्यातले खरे ओझे या नाव नसलेल्या दुखण्याचेच आहे.

त्यात चिकनगुन्याची भर पडते. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली, त्यानंतर तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. २०२४ मध्ये नागपूर-अमरावतीसह राज्यात तो पुन्हा वाढला. या आजाराचे नाव आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आले, अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. ताप आठवड्यात जातो. पण काही रुग्णांचे घोटे, मनगटे आणि बोटांचे सांधे कित्येक महिने आखडलेले राहतात, सोबत थकवाही असतो. तापाच्या पहिल्या दिवसांत, डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत, पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नये. त्यानंतरही सांधे सुजत असतील तर तपासणी हवीच.

मुळातले नुकसान भरून निघाले तरी वेदना का उरते? मज्जासंस्था हा शरीराचा पहारेकरी आहे. महिनोन्‌महिने दुखण्याचे संदेश येत राहिले की तो पानाच्या सळसळीलाही ओरडू लागतो. अपुरी झोप, रक्तक्षय, सततची काळजी, घरातला जाच यांनी त्याची संवेदना आणखी वाढते. ‘हे सगळे मनाचे खेळ’ म्हणणे म्हणूनच चूक, आणि मनाचा काही संबंध नाही म्हणणेही चूक.

खरा धोका घाईच्या उपचारात आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये सांगितले, की कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पॅरासिटामॉल, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या किंवा स्टेरॉइड सुरू करू नयेत. फायदा दिसत नाही, अपाय होऊ शकतो. आपल्याकडे डायक्लोफेनॅकची गोळी किराणा सामानासारखी मागितली जाते. हेच औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन मूत्रपिंडे निकामी झाल्याने गिधाडे मेली, म्हणून २००६ मध्ये त्याचा जनावरांसाठीचा वापर बंद झाला. माणसाचे शरीर ते गिधाडापेक्षा चांगले पचवते हे खरे. पण उन्हात, पाणी कमी पिऊन राबणाऱ्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर रोजच्या गोळीचा भार पडतोच. नाव नसलेल्या पुड्यांचे तर विचारूच नये. दोन दिवसांत पळायला लावणाऱ्या पुडीत बहुधा स्टेरॉइड असते. कुणी ती ‘आयुर्वेदिक’ म्हणून देतो, कुणी ‘समग्र उपचार’ म्हणून.

शस्त्रक्रियेचा शॉर्टकट याहून महाग पडतो. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती २०१९ मध्ये सरकारने विधिमंडळात दिली. ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न त्यातून राज्यभर गाजला. त्यांतल्या अनेकींची सुरुवात कंबरदुखी, ओटीपोटातले दुखणे आणि अंगावरून जाणे याच तक्रारींनी झाली होती.

मग समग्र उपचार म्हणजे काय? पहिली पायरी तपासणीचीच. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते, तेव्हा थकव्याची चर्चा हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय सुरूच होऊ नये. थायरॉइड, साखर, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व, लांबलेला खोकला असेल तर क्षयरोग, हेही पाहावे. वजन घटणे, रात्रीचा ताप, सुजलेले सांधे, पायातली ताकद जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

हे सगळे निवळले की उरते ते हळूहळू करायचे काम. रोज दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात आणि दर आठवड्याला दोन मिनिटे वाढ. झोपेची आणि उठण्याची एकच वेळ, संध्याकाळनंतर चहा बंद. तेलाने चोळणे, गरम पाण्याचा शेक यांनी आराम पडतो, तो खुशाल घ्यावा, मात्र त्याने आजार मुळातून जाईल अशी आशा नको. कंबरदुखीत योगासनांचा उपयोग होतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये औषधांआधी व्यायाम, योग असे उपाय सुचवले. काहींना रात्री अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिनसारखे औषध डॉक्टर देतात. ते ‘वेडाचे औषध’ नव्हे.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळवणारा दीर्घ थकव्याचा आजार असतो. अशा रुग्णाला ‘व्यायाम वाढवा’ म्हणणे हानिकारक ठरू शकते. ‘नाइस’नेच २०२१ मध्ये ठरावीक मात्रेने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला मागे घेतला. तिथे शक्ती जपून वापरणे हाच उपचार.

पण शक्ती जपून वापरा, हे सांगायचे कुणाला? सोंगणी एकराच्या उक्त्या भावाने घेतलेल्या टोळीत एक बाई मागे राहिली तर सगळ्यांची मजुरी मागे पडते. ती बाई विश्रांती घेणार नाही, सकाळीच गोळी घेऊन निघेल. डॉक्टरने ‘आराम करा’ लिहून देणे हा तिच्या लेखी विनोद आहे. त्यापेक्षा टोळीत काम आलटून पालटून घेता येईल का, ही विचारणा उपयोगाची. तासभर विळा चालवला की तासभर पेंढ्या गोळा करायच्या किंवा सुडी लावायला जायचे, दर तासाला पाच मिनिटे कंबर सरळ करून पाणी प्यायचे. निंदणाला उकिडवे बसण्याऐवजी जिथे जमेल तिथे उभ्याने चालवायचे हातकोळपे वापरावे. घरातले पाणी भरणे आणि जनावरांचे शेण काढणे नवऱ्याने वा मुलाने उचलले तर कित्येक गोळ्या वाचतील. चिठ्ठीवर हे लिहिता येत नाही, पण सोबत आलेल्या नवऱ्याला सांगता येते.

यंत्रणेकडेही थोडे पाहावे. आरोग्य उपकेंद्रांत तिशीपुढच्यांचा रक्तदाब, साखर आणि कर्करोगाची तपासणी होते. दुखणे किती आहे आणि त्यामुळे कोणते काम सुटले, हा प्रश्न त्याच अर्जात विचारायला पैसा लागत नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला चार-पाच व्यायाम शिकवायला एक दिवस पुरेल. मनाचा भार असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो भिंतीवर ठळक लिहावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमही आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस भौतिकोपचार, मानसोपचार आणि अस्थिरोग हे तिन्ही विभाग एकाच खोलीत बसले, तर मेडशीच्या बाईला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन मजुऱ्या बुडवाव्या लागणार नाहीत.